तांबड्या काठाची फीत

२५ एप्रिल २००४, रविवार

सापडला! सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात, अंकल लिमच्या ताडपत्रीवर, एका तुटक्या इस्त्रीच्या आणि बाहुलीच्या पायाच्या मधोमध. फ्रेंच युद्धक्रॉस — समुद्रापलीकडच्या मोहिमांचा. फ्रेंचांच्या वसाहतींत, इंडोचायनात किंवा मोरोक्कोत ज्यानं मर्दुमकी गाजवली त्याला मिळायचा तो. चार हात, मागं दोन तलवारी, मधे फ्रान्सबाईंचं तोंड. असे माझ्याकडे चार आहेत. पण त्यांची फीत सरळसोट: निळी, दोन्ही कडांना तांबडा पट्टा. याच्या फितीत तांबडं जिथं निळ्याला भिडतं तिथं बारीक दाते आहेत! एकसारखे, ओळीनं. असा प्रकार माझ्या एकाही पुस्तकात नाही.

चेहरा दुखवट्याचा ठेवून भाव केला. परदेशात येण्याआधी सोलापुरात साडीच्या दुकानात नऊ वर्षं घड्या घातल्या, तिथली एवढी एकच विद्या अजून उपयोगी पडते — आवडलेल्या मालाकडे बघायचं नाही. लिमला वाटलं, मी दयेपोटी घेतोय.

घरी दुसऱ्या विद्येला, म्हणजे बायकोला, दाखवला. तिनं चष्मा न लावताच सांगितलं, "काठ छान आहे." मी म्हटलं, काठ नव्हे, फीत म्हणतात. ती भाजी चिरायला निघून गेली. तन्वीनं मोबाइलमधून मान वर केली. "पा, यू व्हेरी वीअर्ड लाह." सतरा वर्षांच्या पोरीकडून एवढं कौतुक पुष्कळ.

२८ एप्रिल

जहाजांना दोरखंड, डाळ-तांदूळ आणि फिल्टर पुरवणाऱ्या माणसानं पदकं कशाला जमवावीत, असं प्रबोध मला दर बैठकीत विचारतो. प्रबोध मूळचा नगरचा, इथं बँकेत मोठा साहेब आणि आमच्या पदक-संग्राहक मंडळाचा चिटणीस. फ्रेंच नावं नाकातून म्हणतो. मी म्हटली की डोळे मिटून घेतो, जणू कुणी त्याच्या पायावर पाय दिलाय.

खरं उत्तर असं: एका मोडीत निघालेल्या जहाजाच्या कप्तानानं मला पहिलं पदक भेट दिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी 'जाणकार' म्हटलं. गोड लागलं. दुकानदाराला 'शेठ' म्हणतात, 'बॉस' म्हणतात. जाणकार कोण म्हणतो?

जाणकारी म्हणजे काय, तर माझे कान. पुस्तकं मला अर्धी कळतात, पण पदक टेबलावर टाकलं की मी सांगतो — ठशातलं असेल तर खणखणतं, ओतीव असेल तर बद्द वाजतं. रुपया वाजवून घेणाऱ्या पिढीतला मी. या नव्या क्रॉसला मात्र वाजवलं नाही. फीत फार जुनी, हाताच्या टाक्यांनी कडीला शिवलेली. तिला धक्का नको. आणि एवढी फीत असताना क्रॉसकडे बघायचंय कुणाला!

२ मे

प्रबोध आला होता. फितीकडे बघून दोन मिनिटं गप्प बसला. हे त्याच्या बाबतीत शौर्यपदक देण्याजोगं. १७ जुलैच्या प्रदर्शनात मधली काचपेटी मला! वर सांगितलं की पॅरिसहून एक सूचीकार येतोय, वसाहतींतल्या पदकांचे सगळे प्रकार नोंदवणारा. फीत त्याला पटली तर नव्या आवृत्तीत नोंद. शोधणाऱ्याच्या नावासकट.

माझं नाव. छापील पुस्तकात. फ्रेंच भाषेत!

संध्याकाळभर खपून इंग्रजीत कार्ड लिहिलं. मराठीत सांगायचं तर — 'दुर्मीळ प्रकार. दातेरी कड. कोणत्याही सूचीत नोंद नाही.' विद्याला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, दूध आणलं का.

९ मे

जेवताना तन्वीला फ्रेंचांच्या टोंकिन मोहिमेच्या पदकाचे दोन प्रकार समजावले. भूदलाच्या पदकावर लढायांची नावं आहेत, आरमाराच्या पदकावर एक लढाई जास्त कोरलेली. तेवढ्या एका नावावर माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. तन्वी म्हणाली, "सो सॅड." लढाईबद्दल नव्हे, माणसांबद्दल.

१६ मे

आज जे ऐकलं ते लिहून मोकळा होतो.

सुंगेई रोडला गेलो. अंकल लिमनं डोळा मारला. म्हणाला, दर रविवारी एक म्हातारा इंडियन येतो, क्रॉस शोधत. तुझा कंट्रीमन. मी म्हटलं, सगळे इंडियन माझे कंट्रीमन नसतात. लिम म्हणाला, आय नेव्हर से एनीथिंग, व्यापार म्हणजे व्यापार.

तेवढ्यात म्हातारा आलाच. मी जुन्या घड्याळांच्या ढिगामागं सरकलो. पाठ केली, कान मात्र तिकडे. उंच, वाळका, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. प्रत्येक ताडपत्रीपाशी थांबतो, वाकतो, तेच वाक्य म्हणतो. तमिळ वळणाचं इंग्रजी. क्रॉस, ब्राउन कलर. रिबन ब्लू, साइडला रेड. आणि मग हळूच, जणू यानं मालाची किंमत वाढेल अशी भीती — "माय वाइफ, हर सारी."

घरी येईपर्यंत बसमध्ये मी कशाचाच विचार केला नाही. मग ड्रॉवर उघडला, भिंग घेतलं.

करवतकाठ!

अरे गाढवा. नऊ वर्षं! हजारो साड्यांच्या घड्या घातल्यास. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात काठ फेकून 'बघा ताई, करवत कशी उठलीय' असं ओरडलास. डोळे मिटून बोटानं काठ ओळखायचास. आणि तोच काठ बोटभर कापून क्रॉसला लावला तर 'दातेरी कड, कोणत्याही सूचीत नोंद नाही'! इंग्रजीत लिहायला लागलं की मला साडीसुद्धा ओळखू येत नाही.

१७ मे

पण जरा थांब. शांतपणे विचार कर. तो म्हातारा कोण, मला काय ठाऊक? इंग्रज आपल्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर, पलटण कोरतात. फ्रेंच काहीसुद्धा कोरत नाहीत. क्रॉस कुणाचाही असू शकतो.

(क्रॉस कुणाचाही असू शकतो. फीत नाही. ज्या फितीमुळे तो मला हवा आहे, त्याच फितीमुळे तो त्याचा आहे. हे कंसात लिहितोय म्हणजे वाचताना नजरेतून सुटेल.)

२३ मे

सुंगेई रोडला गेलो नाही. पाय दुखत होता.

३० मे

आज दुसरा.

६ जून

विद्यानं विचारलं, ड्रॉवरात काय विंचू बसलाय का? दिवसातून पाच-सहा वेळा उघडायचात, आता एकदाही नाही. मग सगळं सांगितलं. वाटलं, नवल करील. ती कणीक मळत राहिली.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, काठ छान आहे."

"मग साडीचा आहे असं का नाही सांगितलंस?"

"अहो, काठ आणखी कशाला असतो?"

मी म्हटलं, प्रदर्शन होऊ दे. सूचीकार बघून जाऊ दे. मग देऊन टाकीन, एका महिन्यात काय बिघडतं. विद्या म्हणाली, त्यांना विचारा, काय बिघडतं ते.

१३ जून

विचारलं. म्हणजे विचारायला गेलो आणि कॉफी पाजून आलो.

नाव सवरीमुत्तू. पाँडिचेरीचा. विशीत फ्रेंचांच्या वसाहती फौजेत भरती झाला आणि थेट सायगावला. पुढं इथं अलेक्झांड्रा भागात ब्रिटिश सैन्याच्या डेपोत नोकरी, आता क्वीन्सटाउनला मुलीकडे राहतो. मला 'तंबी' म्हणतो, धाकटा भाऊ. छप्पन्न वर्षांच्या माणसाला कुणी धाकटा म्हटलं की त्याच्यावर माया जडते. हीच अडचण.

क्रॉस कशाबद्दल मिळाला, ते काढून घ्यावं लागलं. नदीत बोटीवर गोळीबार झाला, चालवणारा मेला, बाकीच्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. यानं सुकाणू धरून बोट मागं आणली, आत सहा जखमी. मी म्हटलं, केवढी हिंमत. म्हणाला, "मला पोहता येत नव्हतं, तंबी."

फितीची गोष्ट मात्र न विचारता सांगितली. मूळची फीत सायगावच्या दमट हवेत कुजली. इथं आल्यावर एका वर्षी चौदा जुलैच्या, फ्रेंच राष्ट्रदिनाच्या, समारंभाचं बोलावणं आलं. बायकोनं, थेरेसनं, आदल्या दिवशी स्वतःच्या लग्नातल्या साडीचा काठ कापून क्रॉसला शिवला. रंग बरोबर जुळवले, निळा आणि दोहोंकडे तांबडा. हा भडकला. नियमातली फीत नाही, अधिकारी हसतील! छातीवर काहीच न लावता गेला. तिनं क्रॉस शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवून दिला. पन्नास वर्षं तिथंच. गेल्या डिसेंबरात ती गेली. घर आवरताना मुलीनं डबा भंगारवाल्याला दिला, तिला काय ठाऊक.

"यंदा चौदा जुलैला लावून जायचंय," म्हणाला. "पुढच्या वर्षी पाय चालतील असं डॉक्टर म्हणत नाही."

अशा वेळी माणसानं काय करावं? खिशात हात घालावा, दुसरं काय! क्रॉस घरी होता, हे खरं. पण जीभ तर तोंडातच होती. मी काय केलं? त्याला संग्रहांवर व्याख्यान दिलं! ठसा म्हणजे काय, ओतीव म्हणजे काय, माझे कान कसे तयार आहेत. सायगावला पदकं कमी पडली तेव्हा तिथल्याच ओतशाळेत मूठभर क्रॉस ओतून शिपायांना वाटले म्हणतात, असा एकही मी आजवर पाहिलेला नाही, तो हाती लागला तर या जन्माचं सार्थक. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "हो का?" म्हणाला. मग छत्री उचलली आणि पुढच्या ताडपत्रीपाशी जाऊन वाकला.

कॉफी पाजली, बिस्किटं दिली, बसपर्यंत सोडलं. क्रॉस सोडून सगळं दिलं.

२० जून

प्रबोधचा फोन. सूचीकाराचं तिकीट झालंय. दहा जुलैपर्यंत वस्तू मंडळाकडे जमा करायची, मधल्या काचपेटीला खास दिवा लावणार. मला विचारतो, नावाचं स्पेलिंग कसं देऊ? छपाईत चूक नको. रविंद्र का रवींद्र, एवढंच आयुष्यभर भांडत आलो. आता फ्रेंचमध्ये कसं दिसेल, ते कागदावर लिहून पाहिलं. छान दिसतं. काय करणार!

२७ जून

तन्वीनं आज नाष्ट्याला विचारलं, "पा, दॅट ओल्ड अंकल स्टिल लुकिंग अह?" विद्यानं सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो. ती पावाला लोणी लावत बसली. मुलं भांडली तर बरं असतं.

४ जुलै, रविवार

दिला.

सकाळी क्वीन्सटाउनला गेलो. जुनी इमारत, व्हरांड्यात कुंड्या, दारावर येशूचं चित्र. मुलीनं दार उघडलं. सवरीमुत्तू बनियनवर बसला होता. मला बघताच आत जाऊन शर्ट घालून आला, सगळी बटणं लावून. मी रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. एप्रिलपासून माझ्याकडे आहे, मे महिन्यापासून मला ठाऊक आहे, मागच्या खेपेला कॉफी पितानाही ठाऊक होतं. कार्डसुद्धा दाखवलं. वाचताना माझंच मला हसू आलं.

तो हसला नाही, रागावलाही नाही. काठावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मी गिऱ्हाइकं बघितलीत, काठावरून असं बोट कुणी फिरवत नाही. मग मुलीकडे बघून म्हणाला, कात्री. एकेक टाका उसवला. फीत, तिच्यावरचा छोटा ब्राँझचा तारा, दोन्ही काढून घेतलं. आणि क्रॉस? तो माझ्याकडे सरकवला!

मी म्हटलं, अंकल, हे काय, क्रॉस तुमचा आहे. म्हणाला, एरवी छातीवर नुसती फीत लावायची, सैन्यात तीच रीत. क्रॉस काय, फ्रान्सनं पुष्कळ वाटले. साडी एकच होती.

"तुम्ही ठेवा, तंबी. तुमचे कान चांगले आहेत. फितीशिवाय त्याचा आवाज वेगळा येतो."

म्हातारी माणसं असं काहीतरी खोल बोलतात. मी मान डोलावली. निघताना म्हणाला, ते कार्ड द्या मला, मजेशीर आहे. दिलं.

५ जुलै

प्रबोधला कळवलं. फीत साडीची निघाली, क्रॉस बोडका आहे, मधली पेटी नको. तो हसला, पोटभर. नाकातून नव्हे, चक्क नगरी हसला! म्हणाला, साडीवाल्याला साडीनंच दगा दिला. मीही हसलो, वाक्य चांगलं होतं. मधल्या पेटीत आता त्याचं टोंकिनचं पदक. आरमारी, एक लढाई जास्त.

बोडका क्रॉस ड्रॉवरात टाकला. बघवत नाही. असे माझ्याकडे चार आहेत.

१४ जुलै

दुपारी फोन. सवरीमुत्तू, आवाज तरण्या पोरासारखा. समारंभाला जाऊन आला. मुलीनं फीत शर्टाला टाचून दिली, वर तारा. एक तरुण फ्रेंच लष्करी अधिकारी जवळ आला, वाकून बघितलं, विचारलं, मस्यू, ही कुठली फीत? मी अशी पाहिलेली नाही. यानं खिशातून माझं कार्ड काढलं आणि फ्रेंचमध्ये करून वाचलं — दुर्मीळ प्रकार, कोणत्याही सूचीत नोंद नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यानं सॅल्यूट केला. मी म्हटलं, मला नको, ही माझ्या बायकोची आहे. तर म्हणाला, मग मॅडमना."

विद्या पलीकडून खुणेनं विचारत होती, काय झालं. मी हातानंच सांगितलं, काही नाही, चांगलं झालं.

१७ जुलै

प्रदर्शनाला तिकीट काढून गेलो. सूचीकार चांगला माणूस, प्रबोधच्या पेटीपुढं जांभई देताना मी त्याला पाहिलं. माझी ओळख करून दिली — हे जहाजांना डाळ-तांदूळ पुरवतात. मी म्हटलं, आणि फिल्टर.

१८ जुलै, रविवार

सकाळी ड्रॉवर आवरताना क्रॉस हातातून निसटला, टेबलाच्या काचेवर पडला.

बद्द.

पुन्हा टाकला. बद्द. शेजारी माझ्या चार क्रॉसांतला एक टाकला — खण्ण! हा पुन्हा — बद्द. भिंग घेतलं. तलवारींच्या खाचेत वाळूचे कण उमटलेले, कडेला ओतशाळेतली कानस. इतके दिवस भिंग फितीवरच होतं.

सायगावचा. ओतीव. पुस्तकांत आहे म्हणतात आणि कुणी पाहिलेला नाही, तो.

विद्यानं आतून विचारलं, काय पडलं हो?

त्याला सांगितलं होतं मी. कॉफी पिताना, तोंड भरून, सार्थक वगैरे. त्यानं सगळं ऐकून फक्त 'हो का' म्हटलं होतं. आणि मी पंधरा दिवस याच समजुतीत, की देणारा मी.